आमची कोठेही शाखा नाही

“आणि हे डॉट इन कशाला पाहिजे?” अण्णांनी विचारलं.

ते गादीवर मांडी घालून मुरडशेंगा निवडत होते. किडकी शेंग डाव्या हाताला, चांगली उजव्या. मी समोर स्टुलावर बसून त्यांना वेबसाइट म्हणजे काय ते समजावत होते. दुकानात कॉम्प्युटर नुकताच आला होता आणि वेखंडाच्या पोत्यांच्या शेजारी लग्नातल्या परक्या पाहुण्यासारखा अवघडून बसला होता.

“डॉट कॉम आपण घेतलंय,” मी म्हटलं. “पण त्याच नावाचं डॉट इन कुणीही घेऊ शकतो. उद्या कुणी घेतलं आणि आपल्या नावावर कसलाही माल विकायला लागला, तर गिऱ्हाइकाला काय कळणार?”

“आणि आपण घेतलं तर?”

“तर दोन्ही आपली. कुठलंही टाइप केलं तरी आपलंच दुकान उघडेल.”

“म्हणजे दुकान एक आणि पत्ते दोन.”

“हां. तसंच.”

“मग ती शाखाच झाली की.” एक शेंग डावीकडे गेली. “नको.”

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘नेसरीकर काष्ठौषधी भांडार, गडहिंग्लज’ या अक्षरांखाली लाल रंगात लिहिलेलं होतं, ‘आमची कोठेही शाखा नाही’. ते आजोबांनी लिहून घेतलं होतं. इतर दुकानांत ते लिहितात आणि विसरतात. आमच्या घरात तो धर्म होता. आमची बाळगुटी बेळगावपासून पुण्यापर्यंत जायची. माहेरी बाळंतपणाला आलेली लेक परत सासरी निघाली की तिच्या पिशवीत दोऱ्यानं बांधलेली आमची पांढरी पुडी असायचीच. हिरडा, बेहडा, सुंठ, जायफळ, वेखंड, अतिविष, सगळं अण्णांनी स्वतः हुंगून आणि दातांखाली चावून पाहिलेलं. तान्ह्या पोराच्या जिभेवर जाणारी वस्तू आहे, ती दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची नाही, हा त्यांचा हट्ट होता आणि तो काही चुकीचा नव्हता.

पण त्या पाटीपायी घरातलं एक माणूस गेलं होतं. अण्णांचे धाकटे भाऊ, माझे बापूकाका. त्यांना कोल्हापुरात दुसरं दुकान काढायचं होतं. अण्णा म्हणाले, “तिथल्या शेंगा कोण हुंगणार? मी इथं बसून नाक तिथं पाठवू काय?” काका म्हणाले, “मलाही नाक आहे, अण्णा.” शब्दाला शब्द वाढला. शेवटी काका हिस्सासुद्धा न मागता बायको-मुलीला घेऊन कोल्हापूरला गेले आणि तिथं त्यांनी नेट कॅफे टाकला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरात काकांचं नाव निघालं की अण्णा उठून गिऱ्हाईक आलंय का बघायला जायचे, मग दुकान बंद असलं तरी.

मी पुष्कळ डोकं लावलं. शिकलेलं सगळं पणाला लावलं. अण्णा ऐकून घेत होते आणि शेंगा निवडत होते.

“वृषाली,” शेवटी ते म्हणाले, “एक बाप, एक दुकान, एक नाव. ते काय घेतलंयस ते एकच ठेव आणि दसऱ्याला सुरू कर.”

दसऱ्याला तराजूच्या शेजारी कॉम्प्युटरची पूजा झाली. आईनं पडद्यालाच हळदकुंकू लावलं, ते पुसताना माझी पुरेवाट झाली. आजोबांचा फोटो, सहाणेचा फोटो, बाळगुटीतल्या प्रत्येक मुळीची माहिती आणि तिचे किती वेढे उगाळायचे ते, असं सगळं मी वेबसाइटवर घातलं होतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या ओळखीपाळखीच्यांना मेल गेल्या. त्यात बापूकाकांची ज्योत्स्नाही होती. आम्हा चुलतबहिणींचं सख्य होतं. बापांची भांडणं आम्ही कशाला वाहायची? तिला तेव्हा दिवस गेले होते. ते मला आणि आईला माहीत होतं. अण्णांसमोर बोलायची सोय नव्हती.

दिवाळी झाली. ऑर्डरी येत होत्या आणि अण्णा त्या कागदावर छापून घेऊन, त्याला चिमट्यात अडकवून, मग मानत होते. एके सकाळी ठाण्याच्या एका बाईंची मेल आली. त्यांनी चुकून डॉट इन टाइप केलं होतं, तर नुसतं पांढरं पान उघडलं. दुकान बंद झालं की काय, असं त्यांनी काळजीनं विचारलं होतं.

“पांढरं पान म्हणजे?” अण्णा गादीवरून उठून माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

“म्हणजे ते नाव कुणीतरी घेतलंय.”

“कुणी?”

तेव्हा एखादं नाव कुणाच्या मालकीचं आहे ते कुणालाही नेटवर बघता यायचं. मी शोधलं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लावून, एकेक इंग्रजी अक्षर जुळवत स्वतःच वाचलं.

“रामकृष्ण मारुती नेसरीकर. कोल्हापूर.”

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अण्णा परत जाऊन गादीवर बसले. शेंगांना हात लावला नाही.

“शाखा काढली म्हणायची बापूनं,” ते म्हणाले.

“अण्णा, त्यावर काहीच नाही. कोरं आहे.”

“कोरं आहे तोवर कोरं. उद्या भरेल.”

“आधी फोन करून विचारा की त्यांना.”

“मी?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दुकान विकायला सांगितलं होतं. “नाव घेताना त्यानं मला विचारलं व्हय? धाकट्यानं येऊन सांगायचं असतं. थोरल्यानं दारोदार विचारत फिरायचं नसतं.”

जेवताना आईनं विषय काढला. “अहो, काठी मारली म्हणून पाणी दुभंगतं व्हय? भाऊच आहे तुमचा. करा की एक फोन.”

अण्णा पानावरून उठले.

मग मीच काकांना फोन लावला. अण्णांच्या देखत, दुकानातून. काकांनी माझा आवाज ओळखला आणि आधी आईची गुडघेदुखी विचारली, मग माझ्या लग्नाचं. त्यांचा स्वभावच तसा, आधी माणसं, मग काम. मी सरळ मुद्द्यावर आले.

“काका, डॉट इन तुम्ही घेतलंय?”

“घेतलंय की.”

“कशाला?”

काका हसल्यासारखं करून म्हणाले, “अण्णा आहेत काय शेजारी?”

“आहेत.”

“मग त्यांना दे की. त्यांनी विचारू दे, मी सांगतो.”

मी रिसीव्हर पुढं केला. अण्णा तराजू पुसत राहिले. मी परत कानाला लावला. “ते गिऱ्हाइकात आहेत,” म्हटलं. दुकानात काळं कुत्रं नव्हतं.

“असू दे,” काका म्हणाले. “त्यांना एवढं सांग, त्या नावाची काळजी करू नका. ते माझ्यापाशी आहे.”

मी शब्द न् शब्द तसाच सांगितला. आता वाटतं, याच्याइतकं साधं वाक्य दुसरं नसेल. पण अण्णांनी ते कसं ऐकलं ते त्यांच्या मानेची शीर सांगत होती.

“माझ्यापाशी आहे म्हणजे? मला धमकी देतोय? किती द्याल ते बोला, असं म्हणायचंय त्याला. बाजारात चाळीस वर्षं बसलोय मी, ही बोली मला कळते.”

साप साप म्हणून भुई धोपटायची, तसं झालं. त्याच दुपारी अण्णा कोट घालून बाहेर पडले आणि बुधवारच्या पेपरात आमची जाहीर नोटीस आली. चौकटीत, ठळक.

‘तमाम ग्राहकांस कळविण्यात येते की, आमच्या नावाशी साधर्म्य असलेले नेसरीकर बाळगुटी डॉट इन हे नाव काहींनी बळकावल्याचे निदर्शनास आले आहे. सदर नावाशी, तसेच श्री. रामकृष्ण मारुती नेसरीकर, रा. कोल्हापूर यांच्याशी आमचा कसलाही संबंध नाही व राहणार नाही. त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांस आम्ही जबाबदार नाही. आमची कोठेही शाखा नाही.’

गडहिंग्लजात पेपर आधी मागून वाचतात. निधनवार्ता, मग जाहीर नोटिसा, मग देशाचं काय ते. दहा वाजेपर्यंत बाजारपेठेत सगळ्यांना पाठ झालं होतं. समोरचे भांडीवाले येऊन म्हणाले, “बरं केलासा अण्णा, रक्ताचं असलं म्हणून काय झालं.” अण्णांनी मान हलवली. पण चहा सांगितला नाही. आई दिवसभर माझ्याशीसुद्धा बोलली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा काका शाळेत होते, तिच्या हातचं जेवून मोठे झालेले. पेपराचा तो कागद तिनं चुलीत घातला. पण गावभर काय पेपर थोडे होते?

काकांचा फोन आला नाही. ज्योत्स्नानंही माझ्या मेलला उत्तर दिलं नाही.

पौष संपता संपता ते स्वतः आले. रविवार होता, आठवड्याचा बाजार. दुकानाच्या पायऱ्यांवर खेड्यावरच्या बाया दाटीनं उभ्या होत्या. त्यांच्या मागं, खालच्या पायरीवर, काका आपली पाळी येईपर्यंत उभे राहिले. मी त्यांना बघितलं आणि उठले, तर त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं. अण्णांनी बघितलं होतं. ते पुड्या बांधत राहिले. एकेक बाई कमी होत गेली आणि मग काका समोर आले.

“एक बाळगुटी द्या,” ते म्हणाले.

अण्णांनी मान वर केली. “कुणाला?”

“ज्योत्स्नाला मुलगा झालाय.”

आमच्या घराण्यात बाळ जन्मलं की त्याची पहिली पुडी थोरल्यानं बांधायची. ती विकत नसते. थोरला ती घेऊन बारशाला जातो, पहिला वेढा सहाणेवर स्वतः उगाळतो आणि बाळाच्या जिभेला लावतो. आजोबांनी माझ्यासाठी केलं होतं, ज्योत्स्नासाठी अण्णांनी. हे दोघांना माहीत होतं आणि मलाही. मला एवढंच हवं होतं. अण्णांनी एकदा म्हणावं, बापू, आत ये. तीन शब्द. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

अण्णांनी पुडी बांधली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून बांधली, एक हिरडा काढून दुसरा घातला. जायफळ बदललं. दोऱ्याची गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. मग पुडी फळीवर ठेवली आणि इतर गिऱ्हाइकांना सांगतात तशी किंमत सांगितली.

काकांनी नोट ठेवली. सुट्टे घ्यायला थांबले नाहीत. पायऱ्या उतरताना मागं वळून एवढंच म्हणाले, “पेपर वाचला, अण्णा.”

त्या दिवशी अण्णांनी दुकान लवकर बंद केलं. पोटात दुखतंय म्हणाले.

पुढचं वर्ष बरं गेलं. दसऱ्याला पुन्हा पडद्याला कुंकू लागलं. डॉट इनचं पांढरं पान मी मधून मधून उघडून बघायची, ते तसंच कोरं असायचं. आम्ही विसरायला लागलो होतो. मग उन्हाळ्यात जालन्याहून एक जोडपं आलं. एवढ्या उन्हाचं, कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल. बाई पायरी चढतानाच रडत होती.

“तुमचंच दुकान ना हे? नेसरीकरांचं?” नवऱ्यानं एक चकचकीत प्लास्टिकची डबी अण्णांपुढं आदळली. “बघा काय पाठवलंय तुम्ही.”

डबीवर आमच्या आजोबांचा फोटो होता. आमचं नाव, आमचा पत्ता. अण्णांनी झाकण उघडलं आणि नाक आत घालायच्या आधीच तोंड वळवलं. बुरसटलेलं वेखंड, भुंगा लागलेला हिरडा. अतिविष म्हणून घातलेली मुळी कसली होती ते त्यांनाही ओळखता येईना.

“चार दिवस दवाखान्यात होतं हो पोरगं,” बाई म्हणाली. “उलट्या थांबेनात. माझ्या आजीनं तुमची गुटी घेतलेली, आईनं घेतलेली. मी डोळे झाकून दिली.”

“ही आमची नव्हे,” अण्णा म्हणाले. “बाई, ही आमची नव्हे.”

“फोटो तुमचा, नाव तुमचं, आणि तुमची नव्हे म्हणे.”

कुठून मागवली ते मी विचारलं. त्यांनी मोबाइलवर दाखवलं. डॉट इन. पांढरं पान भरलं होतं. माझ्याच वेबसाइटवरचा शब्द न् शब्द उचललेला, फोटोही तेच. फक्त पैसे भलतीकडं जात होते.

अण्णांनी त्या बाळाला आपल्या हातांनी घेतलं आणि कितीतरी वेळ छातीशी धरून बसले. मग जोडप्याला घरी जेवायला घातलं. ते गेल्यावर मला म्हणाले, “बघ. मी म्हणत होतो ना. बापूनं भरलं शेवटी.”

मला तो भरवसा वाटेना. बघितलं, तर मालकाच्या जागी काकांचं नाव नव्हतं. भलत्याच मुलखातल्या कुठल्यातरी शहरातलं कुणी होतं. विकत घेतल्याची तारीख मागच्या हिवाळ्यातली. मी अण्णांना तसं म्हटलं. “मग विकलं असेल त्यानं,” ते म्हणाले. तक्रार केली, वकील गाठला. तोवर आणखी दोन ठिकाणांहून तसल्याच डब्या आल्या. बाजारात कुजबुज सुरू झाली, रविवारच्या बाया पुडी हातात घेऊन उलटसुलट करून बघायला लागल्या. एकीनं तर “खरीच हाय न्हवं अण्णा?” असं विचारलं. अण्णा त्यानंतर गादीवर बसेनात, आत पोत्यांत जाऊन बसायला लागले.

आणि मग समोरच्या पार्टीचं उत्तर आलं. वकिलानं ते वाचून दाखवताना चष्मा काढून ठेवला. त्या लबाडांनी आमच्याच नोटिशीचं कात्रण जोडलं होतं. हे लोक स्वतः पेपरात सांगतात की डॉट इन या नावाशी आमचा कसलाही संबंध नाही व राहणार नाही. मग आता ते नाव कुठल्या तोंडानं मागतात?

“सुरुवातीला ज्यांनी ते नाव घेतलं होतं, त्यांचं म्हणणं मिळालं तर बरं होईल,” वकील म्हणाले. “त्यांनी का घेतलं, का सोडलं, ते त्यांनी सांगायला हवं.”

मी कोल्हापूरला गेले. कॅफेत गर्दी होती. काकांनी मला पाठीमागच्या खोलीत नेलं. काकींनी पोहे केले आणि ज्योत्स्नाचा मुलगा, आजोळी आला होता, माझ्या चपला घालून घरभर फिरत होता. मी सगळं सांगितलं. जालन्याच्या बाळापर्यंत आल्यावर काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

“कसं आहे आता ते पोर?”

“बरं आहे.”

“बघ बरं,” ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं. मग बोलले. “माझ्या या कॅफेत एकजण बसायचा. लोकांच्या दुकानांची नावं घेऊन ठेवायचा आणि मग त्यांनाच चढ्या भावानं विकायचा. दसऱ्याला तुझी मेल ज्योत्स्नानं दाखवली. मला ठाऊक होतं, अण्णांनी डॉट इन घेतलं नसणार. शाखा नाही ना आमची.” ते किंचित हसले. “म्हटलं, त्या माणसाच्या नजरेला पडायच्या आत आपण घेऊन ठेवू.”

“मग सांगितलं का नाही?”

“बारशाला अण्णा येणार. पोराची पहिली गुटी त्यांच्या हातची. तेव्हा त्यांच्या हातात द्यायचं होतं. म्हटलं, तेवढ्यानं तरी अबोला सुटेल.”

“मी फोन केला तेव्हा तरी.”

“तेव्हा हाव सुटली गं मला. वाटलं, याच्यासाठी तरी अण्णा माझ्याशी बोलतील. म्हणून म्हटलं, त्यांना दे.” काकांनी डोळ्यांवरून हात फिरवला. “तर ते पेपरशी बोलले.”

मला पुढचं विचारायचं धाडस होईना. त्यांनीच सांगितलं.

“वर्ष झाल्यावर मुदत संपल्याची मेल आली. पुढच्या वर्षाचे पैसे भरायला बसलो होतो. मग ते वाक्य आठवलं, संबंध नाही व राहणार नाही. म्हटलं, ज्याचा संबंध नाही त्यानं लोकांचं नाव धरून कशाला बसायचं? ते त्यांचं त्यांना मोकळं होऊ दे. मला वाटलं, तू घेशील. तुझं लक्ष असेल.”

माझं लक्ष पांढऱ्या पानावर होतं. मुदतीवर कुणाचंच नव्हतं.

वकिलाला हवं होतं ते काकांनी तिथल्या तिथं लिहून सही करून दिलं. एकही अट घातली नाही.

घरी येऊन मी अण्णांना पोत्यांच्या खोलीत गाठलं आणि काका जे बोलले ते सगळं सांगितलं. ते ऐकत होते. ‘बारशाला अण्णा येणार’ इथवर आल्यावर त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. मी पुरे केलं नाही, शेवटपर्यंत सांगितलं. राग होता माझ्या मनात आणि तो त्यांना कळू द्यायचा होता.

आठवडा गेला. मग एका सकाळी कोट-टोपी घालून मला म्हणाले, “चल, कोल्हापूरला जायचंय.” काखेत त्या दिवशीचा पेपर होता. एसटीत मी तो उघडला. त्याच जागी, तशीच चौकट. ‘आमचे बंधू श्री. रामकृष्ण मारुती नेसरीकर यांच्याविषयी आम्ही पूर्वी प्रसिद्ध केलेला मजकूर गैरसमजातून होता. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ अण्णा खिडकीबाहेर बघत होते. सांगलीच्या बाजूला ढग आलेत, असं काहीतरी म्हणाले. मला बरं वाटलं. एवढा ताठ माणूस, त्यानं एवढं केलं.

काका कॅफेच्या दारातच होते. खाली वाकून ते अण्णांच्या पाया पडले, मग त्यांना खुर्ची पुसून दिली. अण्णांनी काखेतला पेपर काढला, घडी उलटी केली आणि त्या चौकटीवर बोट ठेवून तो काकांच्या पुढं केला. तोंडानं काही बोलले नाहीत.

काकांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग पेपरची व्यवस्थित घडी घातली आणि तो अण्णांच्या मांडीवर ठेवला.

“चांगलं छापलंय,” ते म्हणाले.

अण्णा बघत राहिले.

“मला काढायचं होतं तेव्हा पेपर लागला, अण्णा. घ्यायचंय तरी पेपरच?” काकांचा आवाज चढला नाही. “मी इथं समोर बसलोय.”

अण्णांचे ओठ हलले. मी त्यांच्याकडे बघत होते, काकीही दारातून बघत होत्या. सगळ्या गावाशी बोलणारा माणूस. रविवारच्या बाजारात शंभर बायांना हिरड्याचे वेढे सांगणारा. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले, “ज्योत्स्नाचा पोरगा कुठाय?”

“सासरी गेली ती परवा.”

“बरा आहे?”

“पळतो आता.”

चहा आला. दोघांनी बशीत ओतून प्याला, अगदी एकसारखा आवाज करत. अण्णा उठले. काका स्टँडपर्यंत सोडायला आले, एसटीत जागा धरून दिली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी हलली तेव्हा मी म्हटलं, “काका, या एकदा घरी.” ते अण्णांकडे बघत होते. अण्णा पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत होते.

काही महिन्यांनी नाव परत मिळालं. डब्या बंद झाल्या. रविवारच्या बाया हळूहळू पूर्वीसारख्या विश्वासानं पुड्या नेऊ लागल्या. काका मात्र आले नाहीत. अण्णाही पुन्हा गेले नाहीत. दोघांनाही वाटत होतं, आपण आपल्याकडून केलं, आता दुसऱ्यानं करावं.

त्यानंतर अण्णा बरीच वर्षं जगले. दर दसऱ्याच्या आधी, मी सासरी असले तरी, त्यांचा फोन यायचा. “बापूचं भरलंस काय?” डॉट इनला ते ‘बापूचं’ असंच म्हणायचे. आपलं भरलं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही, ते मी भरणारच हे गृहीत होतं. “बापूचं आधी भर,” म्हणायचे. “चुकलं तर कुणीतरी नेईल.” मी म्हणायची, भरलं अण्णा. मग फोन ठेवायचे.

ते गेले तेव्हा काका आले. सगळं त्यांनीच केलं. खांदा, अग्नी, राख सावडणं, दहावा. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर बंद दुकानात गादीच्या कडेला बसले, वर नाही, कडेला. मी पाणी नेऊन दिलं.

“वृषाली,” ते म्हणाले, “शेवटी कधी माझं नाव घेतलं काय गं त्यांनी?”

मला खोटं बोलावंसं वाटलं नाही आणि त्या वेळी गरजही नव्हती. मी त्यांना सांगितलं, दर दसऱ्याला अण्णा काय विचारायचे ते. त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

काकांनी तांब्या खाली ठेवला. पाठमोरे झाले आणि पोत्यांना हात टेकून मोठ्यानं रडले, अग्नी देतानाही रडले नव्हते तसे.

“मला का नाही सांगितलंस कधी?”

“ते त्यांनी सांगायचं होतं, काका. मी वाट बघत होते.”

त्यांनी मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं. बाहेर आई कुणाला तरी काहीतरी सांगत होती. काका पुन्हा गादीच्या कडेला टेकले आणि मग, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “यंदाचं भरलंस काय?”